वेरूळ ते नाथसागर: मोटारीने एका दिवसात आईला आणि मुलीला काय दाखवावे?

दुधनाकाठ (मानवत, जि. परभणी)

सर्वांना सविनय नमस्कार. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघेजण आमच्या मोटारीने छत्रपती संभाजीनगरला येत आहोत. मी, माझी पत्नी, सहावीत शिकणारी मुलगी आणि ७४ वर्षांची आई. शहरात मावसभावाकडे मुक्काम आहे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचू. दुसरा पूर्ण दिवस फिरण्यासाठी मोकळा आहे आणि तिसऱ्या दिवशी परतायचे आहे.

मुलीच्या शाळेत 'जुने आणि नवे महाराष्ट्र' असा प्रकल्प दिला आहे, त्यामुळे तिला लेणी आणि किल्ला यांच्याबरोबर समृद्धी महामार्ग, विद्यापीठ, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत अशी आजच्या काळातली ठिकाणेही पाहायची आहेत. तिने स्वतःच अकरा ठिकाणांची यादी केली आहे. आईची मागणी मात्र एकच आहे. आमच्या रानाला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी येते. आई लग्न होऊन आली तेव्हा आमच्या विहिरीवर मोट चालत होती. कालवा तिच्या डोळ्यांदेखत खणला गेला, आणि पहिल्यांदा चारीला पाणी आले त्या दिवशी तिने त्याची ओटी भरली होती, असे ती आजही सांगते. पण ते पाणी जिथून सुटते ते धरण तिने आजवर पाहिलेले नाही. गुडघ्यांमुळे तिला फार चढता येत नाही, सपाटीवर मात्र ती अर्धा-पाऊण तास सहज चालते.

वेरूळ एका टोकाला आणि धरणाचे पैठण दुसऱ्या टोकाला, तेव्हा एका दिवसात दोन्ही साधेल का? यादीतील काय ठेवावे आणि काय गाळावे? ज्यांनी हा भाग मोटारीने पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

खडकीवासी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून माझ्या नोकरीतील बरीच वर्षे कालव्यावर गेली, त्यामुळे आपला प्रश्न वाचून उत्तर दिल्यावाचून राहवले नाही.

अकरा ठिकाणे एका दिवसात होतील, पण त्यातले एकही मुलीच्या लक्षात राहणार नाही. माझी सूचना अशी की आईंनी जे मागितले आहे तेच दिवसाचे सूत्र धरावे. मराठवाड्यातील प्रत्येक राजवटीपुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता आणि प्रत्येकीने तो आपापल्या परीने सोडवला. वेरूळहून निघून नाथसागरापर्यंत, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयापर्यंत, त्या पाण्याचाच माग काढत यावे, म्हणजे जुने आणि नवे वेगळे शोधावे लागणार नाही.

पहाटे पावणेसहाला शहरातून निघा. वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे आणि लेणी सूर्योदयाला उघडतात. मंगळवारी ती बंद असतात, तेवढा वार टाळा. एकूण ३४ लेणी आहेत. त्यांतील १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. सगळी पाहू नका. सोळावे, म्हणजे कैलास, दीड-दोन तास देऊन पाहा आणि त्यानंतर दहावे, म्हणजे विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी, एवढे पुरे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर माथ्यापासून पायाकडे कोरत आणला गेला. मागची कातळाची भिंत सुमारे ३० मीटर उंच आहे. कळस आधी आणि पाया नंतर, हे मुलीला तिथेच उभे राहून समजावून सांगा, कारण पुस्तकात वाचून ते डोळ्यांपुढे येत नाही.

कैलासाच्या प्रवेशद्वारातून आत गेल्यावर डाव्या हाताला, उत्तरेच्या बाजूस, नद्यांचे एक छोटे देवालय कोरलेले आहे. बहुतेक लोक हत्तीच्या आणि ध्वजस्तंभाच्या ओढीने सरळ पुढे जातात आणि ते पाहायचे राहून जाते. तिथे मगरीवर गंगा, कासवावर यमुना आणि कमळावर सरस्वती अशा तीन नद्या उभ्या आहेत. दिवसाची सुरुवात तिथून करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वराचे देऊळ आहे. मालोजीराजे भोसल्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी आजचे लाल दगडाचे मंदिर उभारले. गाभाऱ्यात जायचे असेल तर पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. गर्दी असेल तर बाहेरून कळसाचे दर्शन घ्या, पण गावातील शिवालय तीर्थ चुकवू नका. चारही बाजूंनी उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवरच बसवलेली छोटी देवळे असे हे कुंड आहे. पाणी कितीही खाली गेले तरी माणसाला पायरीपायरीने त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, हा त्यामागचा साधा विचार आहे. आईंना वरच्या पायरीवरूनही सगळे दिसेल.

परतताना खुलदाबादहून देवगिरी. बाराव्या शतकात यादव राजा भिल्लम याने इथे राजधानी केली, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवून गावाचे नाव दौलताबाद ठेवले. हे सगळे मुलीच्या पुस्तकात असेलच. आपण किल्ल्यात हत्ती हौद पाहावा. डोंगरातल्या तलावांचे पाणी मातीच्या नळांनी इथवर आणलेले होते. हौद आज कोरडा असला तरी त्याच्या काठावर उभे राहिल्यावर एवढे पाणी साठवणाऱ्यांना कशाची धास्ती होती ते कळते. वेढा पडला की तोफांच्या आधी तहान माणसाला मारते. त्यापुढचा खंदक अखंड कातळात खणलेला आहे आणि बालेकिल्ल्याकडे जायला त्यावर एकच अरुंद पूल आहे. पहिल्या दरवाज्यापासून चांदमिनार, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिर इथपर्यंतची वाट बहुतांशी सपाट आहे, फक्त फरसबंदी ओबडधोबड आहे. आईंना तिथे झाडाच्या सावलीत बसवून तुम्ही मुलीला अंधारी वाटेपर्यंत, म्हणजे बालेकिल्ल्याच्या भुयारी मार्गापर्यंत, नेऊन आणू शकता. माथ्यावरची बारादरी या खेपेला सोडून द्या.

दुपारी जेवण करून शहरात पाणचक्की पाहा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गाव वसवले, तेच आजचे शहर. (माझे इथले टोपणनाव त्या गावावरून घेतले आहे.) नदीकाठची मोठी वस्ती नाही, पाऊस बेताचा, अशा जागी त्याने उत्तरेकडील डोंगरातला झिरपा जमिनीखालच्या नहरींत गोळा करून केवळ उताराच्या बळावर घराघरांपर्यंत नेला. त्या नहरींना आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. पाणचक्की त्याच परंपरेतली, पण त्याच्यानंतरची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिथे दळण दळले जाई. दुरून आलेले पाणी उंच भिंतीत चढवले जाते, तिथून ते हौदात कोसळते, आणि त्याच प्रवाहाचा एक फाटा जात्याखालच्या पात्यांवर सोडलेला आहे. आपल्या आईंनी आयुष्यभर हाताने जाते ओढले असेल. त्यांना ते पाण्याने फिरताना पाहू द्या.

तीन वाजता पैठणचा रस्ता धरा. अंतर सुमारे ५० किलोमीटर. जायकवाडी हे गाव मुळात बीड जिल्ह्यातले. धरण आधी तिथे व्हायचे होते, नंतर जागा बदलून पैठणला आली आणि नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. शंकरराव चव्हाण यांनी या प्रकल्पाचा ध्यास घेतला नसता तर तो इतक्या लवकर झाला नसता, असे आमच्या खात्यातील जुनी माणसे सांगत. मातीची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब, दरवाजे २७, साठवण १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). डावा कालवा २०८ किलोमीटर जालना-परभणीकडे जातो आणि उजवा १३२ किलोमीटर बीडकडे. मुलीला हे आकडे लिहून घ्यायला सांगा. शंभरावर गावे या पाण्याखाली गेली, हेही त्याच पानावर लिहू द्या. भिंतीवर जाण्यास सुरक्षेमुळे निर्बंध असतात. तथापि काठावरून पाण्याचा पसारा पूर्ण दिसतो आणि पैठणच्या परिसरात डाव्या कालव्यावरच्या पुलावर उभे राहता येते. आईंना तिथे जरूर थांबवा. त्यांच्या शेतात येणारे पाणी त्या पुलाखालून निघालेले असते.

दिवस मावळण्याआधी पोहोचणे आवश्यक आहे. नोव्हेंबरात पावणेसहालाच सूर्य टेकतो.

नागसेनवनातला विद्यार्थी (नांदेड)

खडकीवासी काकांनी पाण्याचे सूत्र दिले ते मला फार पटले. त्याच सूत्रात एक गोष्ट जोडावी असे वाटते, कारण ती वगळली तर देवगिरीचे दर्शन अपुरे राहील.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांबरोबर याच वाटेने सहलीला आले होते. त्यांना वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती आणि त्याआधी दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ पाण्याने भरलेले एक लहान टाके होते. काहींनी त्या पाण्याने हातपाय आणि तोंड धुतले. तेवढ्यावरून तिथे जमाव जमला, तळे बाटवले म्हणून शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला आहे. त्या दिवशी त्या तीस माणसांनीही हत्ती हौद पाहिला असेल, खंदक पाहिला असेल, आणि मागे बंदूकधारी चालत असेल. आपली मुलगी सहावीत आहे, म्हणजे हे समजण्याइतकी ती मोठी आहे. किल्ल्याच्या दरवाज्यात पाण्याची बाटली तिच्या हातात देताना तिला हे सांगावे, अशी माझी विनंती आहे.

आणि ज्या शहराच्या वेशीवर हे घडले त्याच शहरात बाबासाहेबांनी सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, महाविद्यालय काढले. तेच मिलिंद महाविद्यालय. मुंबई, पुणे सोडून इथे, कारण निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या या भागात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. त्या परिसराला आम्ही नागसेनवन म्हणतो. माझे वडील शेतमजूर होते. मी तिथल्या वसतिगृहात राहून शिकलो आणि आज नांदेडला शिक्षक आहे. मुलीला 'नवे महाराष्ट्र' पाहायचे असेल तर शेंद्र्याच्या कारखान्यांपेक्षा आधी नागसेनवन दाखवा.

पहिल्या दिवशी आपण दुपारी पोहोचणार आहात, तेव्हा त्या संध्याकाळचा उपयोग करता येईल. बीबी का मकबरा, विद्यापीठ आणि विद्यापीठामागच्या डोंगरातील बौद्ध लेणी ही तिन्ही एकाच दिशेला आहेत. मकबरा पाहताना मुलीला भिंतीजवळ नेऊन एक गोष्ट दाखवा: संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला आहे, मधली सगळी भिंत दगडाची असून तिच्यावर चुन्याचा गिलावा इतका घोटलेला आहे की दुरून फरक कळत नाही. लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून आईंना घेऊन तिथे जाऊ नका. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्यासाठी मराठवाड्याने किती सोसले हे आपल्या पिढीला सांगण्याची गरज नाही. प्रवेशद्वारापाशी मोटार थांबवून दहा मिनिटे उभे राहा, एवढे पुरेसे आहे.

जालना रोड (जालना)

मी गेली अठरा वर्षे भाड्याची गाडी चालवतो. इतिहासाबद्दल वरच्या दोघा जाणकारांनी सांगितल्यावर मी बोलणे योग्य नाही. रस्त्याबद्दल मात्र सांगू शकतो.

मानवतहून सेलू, मंठामार्गे जालन्याला या आणि तिथून समृद्धीवर चढा. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा आपल्या वाट्याला येणारा तुकडा लहान आहे, पण मुलीला तो पाहता येईल आणि यादीतले एक ठिकाण येता येताच होईल. टोल जितके अंतर तितकाच, उतरताना कापला जातो. शहरात जायचे असेल तर सावंगीला उतरा. माळीवाड्याची वाट देवगिरी-वेरूळसाठी जवळची आहे.

समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणून १२० ने चालवलीच पाहिजे असे नाही. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासून घ्या. गेल्या एप्रिलमध्ये एका दुकानात मला न विचारता हवा जास्त भरली गेली. मीही मोजून पाहिले नाही, तो दोष माझाच. भर दुपारी, तापलेल्या काँक्रीटवर, डावीकडचे मागचे टायर फुटले. मागे एक कुटुंब बसले होते, दोन लहान मुले होती. गाडीचा वेग नव्वदच्या आत होता म्हणून ती कडेला घेता आली. त्या दिवसापासून हवेचे मापक मी स्वतःजवळ ठेवतो आणि पाच-सहा वर्षे झालेले टायर घेऊन त्या रस्त्यावर जात नाही.

दौलताबादजवळ रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यातून जातो. त्यातून एका वेळी एकच मोठे वाहन निघते, त्यामुळे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिथे लांब रांग लागते. जाताना पहाटे तो दरवाजा पाच मिनिटांत पार होईल. बारानंतर मात्र गर्दी वाढते. शनिवार-रविवार सोडून आलात तर उत्तम.

वेरूळला वाहनतळापासून कैलासापर्यंत थोडे चालावे लागते. आईंसाठी टोपी किंवा उपरणे आणि चांगल्या पकडीची चप्पल हवी, कारण लेण्यांत अनवाणी पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवरून वृद्ध माणसे घसरलेली मी पाहिली आहेत. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. मुलीच्या शाळेचे ओळखपत्र बरोबर ठेवा.

आणखी एक कळकळीने सांगतो. पैठणहून रात्री मानवतकडे निघू नका. ऊस आणि कापसाच्या ट्रॉल्या त्या दिवसांत विनादिव्यांच्या रस्त्यावर असतात. पैठणलाच मुक्काम करा आणि सकाळी पाचोड, गेवराई, माजलगाव, पाथरीमार्गे घरी जा, म्हणजे शहरात परत येण्याची खेपही वाचेल.

खडकीवासी (छत्रपती संभाजीनगर)

१९३४ चा तो प्रसंग मी पूर्वी वाचला होता. पण देवगिरीचा हौद, खंदक, मातीचे नळ यांवर मी इतकी वर्षे बोलत आलो आणि ते पाणी कोणाला मिळत होते हे बोलायचे माझ्याकडून राहिले. नागसेनवन, आपले आभार.

पैठणला मुक्काम करणार असाल तर सकाळी नाथांचा, म्हणजे संत एकनाथांचा, वाडा पाहा. तिथे रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षे गोदेचे पाणी कावडीने आणून तो भरला, अशी श्रद्धा आहे आणि नाथषष्ठीच्या सुमारास तो आजही भरला जातो. नदीकाठची समाधी वेगळी, गावातला वाडा वेगळा. अनेकजण समाधीचे दर्शन घेऊन तसेच परततात.

दुधनाकाठ (मानवत, जि. परभणी)

आम्ही काल परत आलो. आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, म्हणून सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या दिवशी समृद्धीवर येण्याआधी जालन्यात हवा तपासली. दोन टायरमध्ये कमी होती. संध्याकाळी मकबरा, विद्यापीठाचे प्रवेशद्वार आणि नागसेनवन पाहिले. गिलाव्याची भिंत मुलीने जवळून पाहिली आणि पुढे तासभर ती प्रत्येक इमारतीला हात लावून 'हे खरे की गिलावा' असे विचारत होती.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला वेरूळला पोहोचलो. कैलासाचे तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, पण गर्दी अजिबात नव्हती. आधी डावीकडे नद्यांच्या देवालयात गेलो. मी आईला मगर आणि कासव दाखवून गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे सांगितली. ती बराच वेळ मगरीवरच्या मूर्तीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ही तर आपलीच गंगा हाय." आमच्याकडे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. मी तिची चूक दुरुस्त करणार होतो, पण केली नाही, कारण तिथे ती चूक वाटली नाही.

शिवालय तीर्थाला ती आमचे न ऐकता सात-आठ पायऱ्या उतरली. देवगिरीच्या दरवाज्यात मुलीला १९३४ ची हकिगत सांगितली. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या शिपायाला तहान लागल्यावर तो कुठले पाणी प्यायला असेल. मला उत्तर देता आले नाही. तिने प्रकल्पाच्या वहीत हत्ती हौदाचे चित्र काढले आहे आणि त्याखाली बाबासाहेबांचा तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत लिहिला आहे. अंधारी वाटेपर्यंत ती आणि तिची आई जाऊन आल्या. मी खाली आईजवळ बसलो.

पाणचक्कीपाशी मात्र आम्हाला आईला उठवणे अवघड गेले. जाते फिरत होते आणि ती कठड्याला टेकून एकटक पाहत होती. तिने सांगितले की आमच्या घरात नऊ माणसांचे दळण असे, पहाटे तीनला उठून ती आणि माझी आत्या खुंट्याला दोघींचे हात लावून बसत, आणि ओवी थांबली की जाते जड लागे. मग तिने अगदी हळू आवाजात दोन ओव्या म्हटल्या. मी त्या पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या. मुलीने त्या लिहून घेतल्या आहेत.

यामुळे निघायला पावणेचार झाले. पैठणच्या वाटेवर शहरासाठी टाकलेली माणसाच्या उंचीहून मोठ्या व्यासाची जलवाहिनी दिसली. मलिक अंबरने पाणी डोंगरातून उताराने आणले आणि आता ते खालच्या धरणातून चढावर उपसून न्यायचे आहे, हे मुलीने आपणहून ओळखले.

नाथसागराच्या काठावर पोहोचलो तेव्हा सूर्य टेकायला पंधरा-वीस मिनिटे होती. समोरचा काठ दिसत नव्हता. दूर पाण्यात बदकांचे थवे बसले होते. आई काही बोलली नाही. पदर सावरून तिने पाण्याला हात जोडले आणि पिशवीतून घरून आणलेले हळदकुंकू, खण आणि नारळ काढले. ओटीचे सामान तिने बरोबर घेतले आहे हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

नंतर कालव्याच्या पुलावर गेलो. पाणी सुटलेले होते. अंधार पडत आला होता तरी तिने गाडीतून उतरून खाली वाकून प्रवाह पाहिला, तो कोणत्या दिशेला चालला आहे हे मला दोनदा विचारून खात्री केली आणि इथून आपल्या रानात पोहोचायला किती दिवस लागतील हेही विचारले. मग माझा मोबाइल मागून तिने गावाकडे धाकट्या भावाला फोन लावला आणि शाळूच्या दोन्ही पट्ट्यांची बारे मोडून ठेव, पाणी निघालंय, असे सांगितले.